रोजचे ताट आणि सणाचा घास

(इयत्ता चौथी व पाचवीच्या शिक्षकांसाठी आरोग्यशिक्षणाचा पाठ : दोन तासिका)

आहाराविषयी प्राथमिक शाळेत जे पाठ दिले जातात, त्यांत बहुधा दोन उणिवा आढळतात. काही वर्गांत जीवनसत्त्वांची नावे पाठ करून घेतली जातात. मूल घरी जाऊन काय खाते हा मूळ प्रश्न तसाच राहतो. काही वर्गांत "हे खाऊ नये, ते खाऊ नये" अशी निषेधांची यादी फळ्यावर लिहिली जाते. मुले ती यादी सुवाच्य अक्षरांत वहीत उतरवून घेतात आणि मधल्या सुटीत त्याच यादीतील पदार्थ आनंदाने खातात. पाठ आणि जीवन यांची गाठ पडावयाची असेल, तर मुलाच्या घरातील ताटापासून आणि त्याच्या आवडीच्या खाऊपासूनच प्रारंभ करावयास हवा.

पाठाचे हेतू

१. रोजचे जेवण आणि क्वचित करावयाचे गोडधोड यांतील भेद मुलांना उमजावा.
२. साखर, मीठ व तेल यांचे प्रमाण मोजून पाहण्याची सवय लागावी.
३. आपल्या घरच्या साध्या अन्नाविषयी मुलांच्या मनात आदर उत्पन्न व्हावा.
४. खाऊ वर्ज्य न करता त्याला योग्य जागा कशी द्यावी, हे मुलांनी व पालकांनी मिळून ठरवावे.

शिक्षकाची पूर्वतयारी : 'मिताहार' या शब्दाचा अर्थ

मिताहार म्हणजे कमी खाणे, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो बरोबर नाही. 'मित' याचा अर्थ मोजलेले, मापात असलेले. माप ज्याचे त्याला जुळले पाहिजे. वाढत्या वयाच्या मुलाला, अंगावर दूध पिणाऱ्या बाळाच्या आईला आणि दिवसभर खुरपणी करणाऱ्या स्त्रीला पोटभर जेवणे हाच मिताहार होय. बैठे काम करणाऱ्या प्रौढाने तेवढेच जेवण घेतले तर तो अतिरेक ठरेल.

हा भेद शिक्षकाने मनाशी पक्का केला नाही, तर पाठ भलत्याच कानांवर पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. दुसरीकडे, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. उणे अन्न आणि अवाजवी अन्न ही दोन्ही संकटे आज एकाच गावात, कित्येकदा एकाच घरात नांदत आहेत. वर्गात "कमी खा" असा उपदेश केला, तर ज्याने तो ऐकावयास हवा तो ऐकत नाही. आणि मुळातच अर्धपोटी असलेली मुलगी मात्र निमूटपणे आणखी एक घास कमी करते. म्हणून या पाठात "कमी" हा शब्द शिक्षकाने टाळावा आणि "मापात" हा शब्द वापरावा.

सणाचे शहाणपण

आपल्या घरांतील जुन्या व्यवस्थेत गोडाला जागा होती आणि ती जागा ठरलेली होती. संक्रांतीला तिळगूळ, होळीला पुरणपोळी, पाडव्याला श्रीखंड, अक्षय्यतृतीयेला आमरस, नागपंचमीला दिंडे, गणेशचतुर्थीला मोदक आणि दिवाळीला करंज्या-लाडू. ईदेच्या दिवशी शीरखुर्मा आणि नाताळात फराळाची ताटे शेजारीपाजारी जात. या पदार्थांत गूळ, साखर, तूप भरपूर असे आणि कोणी त्याचा हिशेब मांडत नसे. मांडण्याचे कारणही नव्हते. वर्षातील असे दिवस बोटांवर मोजता येत. उरलेल्या दिवशी भाकरी, कालवण, भाजी, ताक आणि चटणी हेच जेवण असे. क्वचित येणाऱ्या गोडाची वाट पाहण्यातही आनंद होता. पुरण शिजत असताना दरवळणाऱ्या वासानेच मुलांचा सण सुरू होई.

त्या काळच्या साऱ्याच गोष्टी चांगल्या होत्या असे मात्र कोणी समजू नये. कित्येक घरांत रोजची भाकरीही पुरेशी नसे. आणि सणाच्या किंवा लग्नाच्या पंगतीत आग्रहावर आग्रह करून जिलब्या वाढण्याची रीतही होतीच. "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण उगाच जन्माला आली नाही. तरीही रोजचे ताट आणि सणाचा घास वेगळे ठेवण्याचे शहाणपण त्या व्यवस्थेत होते. आज ती सीमारेषा पुसट झाली आहे. गावातील लहानशा दुकानातही पाच आणि दहा रुपयांची पाकिटे दोरीला टांगलेली असतात. गोड, खारट आणि तळलेले पदार्थ रोज, किंबहुना दिवसातून दोन-तीन वेळा मिळू शकतात. सण रोज आला की तो सण राहत नाही. आणि रोजच्या ताटातील भाकरी-भाजीही मुलाला बेचव वाटू लागते. दोन्हींची गोडी जाते.

पाठाची मांडणी

पहिली पायरी : संभाषण. "काल रात्री घरी काय खाल्ले?" या प्रश्नाने पाठाचा आरंभ करू नये. ज्या घरी काल चूल नीट पेटली नाही, त्या घरच्या मुलाला हा प्रश्न चारचौघांत मान खाली घालावयास लावतो. त्याऐवजी "तुमच्या घरी कोणत्या सणाला कोणता पदार्थ करतात?" असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मुलापाशी असते आणि ते सांगताना त्याचा चेहरा उजळतो. शिक्षकाने फळ्यावर दोन रकाने आखावेत : 'रोजचे ताट' आणि 'सणाचा घास'. मुलांनी सांगितलेले पदार्थ त्यांच्याकडूनच योग्य रकान्यात लिहवून घ्यावेत. नंतर हळूच विचारावे, "बिस्किटाचा पुडा कोणत्या रकान्यात लिहावयाचा? आणि कुरकुरीत पाकीट?" येथे वर्गात मतभेद होईल. तो होऊ द्यावा. खरा पाठ येथून सुरू होतो.

दुसरी पायरी : साखरेचे मोजमाप. एक काचेचा पेला, थोडी साखर आणि चहाचा लहान चमचा एवढेच साहित्य पुरे. सपाट भरलेल्या एका चमच्यात सुमारे ५ ग्रॅम साखर मावते असे धरावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि ती ५ टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक उत्तम. नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० किलोकॅलरी ऊर्जा लागते. एक ग्रॅम साखरेतून ४ किलोकॅलरी मिळतात. यावरून मुलांनी स्वतः गणित करावे. दिवसाची कमाल मर्यादा सुमारे ४२ ग्रॅम, म्हणजे आठ चमचे. आणि उत्तम मर्यादा सुमारे चार चमचे, असे उत्तर येईल.

आता शिक्षकाने पेल्यात साखर टाकण्यास सुरुवात करावी. सकाळच्या चहाचे दोन चमचे. संध्याकाळच्या चहाचे दोन चमचे. उत्तम मर्यादा येथेच संपली. अनेक गोड शीतपेयांत १०० मिलिलिटरला सुमारे १० ग्रॅम साखर असते. २०० मिलिलिटरच्या एका बाटलीचे चार चमचे झाले. कमालही संपली. बिस्किटे, गोळ्या आणि जेवणातील गोड अद्याप बाकीच आहे. पेल्यात साचलेली साखर सर्व मुलांना जवळून पाहू द्यावी. या ठिकाणी व्याख्यानाची गरज नाही. पेला स्वतःच बोलतो.

येथे दोन खुलासे आवश्यक आहेत. अख्ख्या फळातील आणि दुधातील नैसर्गिक साखर या हिशेबात धरावयाची नसते. गूळ व मध मात्र साखरेबरोबरच मोजावेत; गूळ म्हटला की तो कितीही खाल्ला तरी चालतो, हा समज चुकीचा आहे.

रिकामी पाकिटे वर्गात आणून त्यांच्या मागील बाजूचा मजकूर वाचण्याचाही सराव द्यावा. १०० ग्रॅममागील साखरेच्या आकड्याला ५ ने भागले की चमचे मिळतात. मिठाच्या जागी तेथे 'सोडियम' हा शब्द असतो. २००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ. मोठ्या माणसानेसुद्धा दिवसभरात याहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भागाकाराचा इतका उपयुक्त सराव अन्यत्र क्वचितच मिळेल.

तिसरी पायरी : भाकरीच्या ताटाचा विचार. ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी, मेथीची भाजी, लिंबाची फोड, शेंगदाण्याची चटणी, काकडी किंवा गाजर आणि वाटीभर ताक, असे ताट फळ्यावर काढावे. प्रत्येक पदार्थ ताटात कशासाठी आहे ते सांगावे. धान्यातील प्रथिनांत जो घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. म्हणून भाकरी आणि आमटी एकत्र खाल्ली की दोघींचे मोल वाढते. पालेभाजीतील लोह शरीरात शोषले जाण्यास लिंबातील क जीवनसत्त्व मदत करते. याउलट जेवणाबरोबर घेतलेला चहा त्या शोषणात अडथळा आणतो. ताकातून कॅल्शियम मिळते. ज्या घरी अंडी, मासे किंवा मटण खाण्याची चाल आहे, तेथे त्यांचाही या ताटात समावेश होतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, हे मुलांना अवश्य सांगावे. आपल्या डब्यातील भाकरीची मुलाला लाज वाटत असेल, तर ती घालविण्यास ही एक गोष्ट उपयोगी पडेल.

शाळेतील पोषण आहाराची माहितीही येथेच द्यावी. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला या जेवणातून ४५० किलोकॅलरी ऊर्जा व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० किलोकॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. जे मूल पाकिटाने पोट भरून पंगतीला बसत नाही, ते नेमके काय गमावते हे या आकड्यांवरून कळते.

चौथी पायरी : खाऊचा वार. शेवटी वर्गाने मिळून एक आठवड्याचे पत्रक तयार करावे. त्यात खाऊसाठी एक वार ठरवावा. त्या दिवशी काय खावयाचे हे ज्याचे त्याने निवडावे. इतर दिवशी भूक लागली, तर शेंगदाणे, फुटाणे, पेरू, बोरे, केळे, उकडलेले रताळे यांपैकी ऋतुमानाप्रमाणे जे मिळेल ते खावे.

एक उदाहरण

एका लहान गावातील शाळेत चौथीच्या वर्गातील एक मुलगा पोषण आहाराच्या पंगतीला बसेनासा झाला. खिचडी पुढे आली की "भूक नाही" म्हणे. चौकशी करता कळले की, त्याची आजी त्याला रोज सकाळी दहा रुपये देते आणि शाळेच्या वाटेवरच त्याचे पाकीट खाऊन होते. वर्गशिक्षिका एका संध्याकाळी त्याच्या घरी गेल्या. आईने सारा दोष आजीवर ठेवला. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, बहात्तरच्या दुष्काळात मी सात-आठ वर्षांची होते. खडी फोडायला आईबरोबर जायची. रेशनचा मिलो आणि कामावरची सुकडी खाऊन दिवस काढले. गूळ तर डोळ्यांना दिसत नव्हता. वाटतं, नातवाला तरी रोज गोड मिळावं."

या उत्तरापुढे चमचे आणि कॅलरी यांचा हिशेब मांडणे व्यर्थ होते. शिक्षिकेने तो मांडला नाही. त्या म्हणाल्या, "आजी, तुम्ही नातवाला गोड देता ते थांबवू नका. फक्त रोजचे दहा रुपये डब्यात टाका. आठवड्याच्या बाजाराला त्याला बरोबर न्या आणि त्या पैशांतून तुमच्या हातानं खाऊ घेऊन द्या."

पाच दिवसांचे पन्नास रुपये जमले. बाजाराच्या दिवशी आजी-नातू मिळून गुडदाणी, पेरू आणि एखादे वेळी गरम भजी घेऊ लागले. मुलगा पंगतीला बसू लागला. मधूनमधून त्याच्या खिशात पाकीट सापडते; नाही असे नाही. परंतु बाजाराचा वार आता त्याच्या तोंडपाठ आहे आणि आजीचे देणेही हिरावले गेले नाही. खाऊच्या मागे बहुधा कोणाची तरी माया असते. तिचा अव्हेर करून आहारशिक्षण साधत नाही. तिला वळण लावूनच ते साधते.

मनाई का फसते

संपूर्ण मनाई हा उपाय सोपा वाटतो. परंतु तो टिकत नाही. अमेरिकेतील जेनिफर फिशर व लीन बर्च या संशोधिकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, लहान मुलांच्या डोळ्यांसमोर ठेवून जो पदार्थ त्यांना खाऊ दिला नाही, त्याविषयीच ती अधिक बोलू लागली आणि संधी मिळताच तो अधिक घेऊ लागली. "भाजी संपव, मग लाडू देईन" असे म्हणण्यानेही मुलाच्या मनात भाजी ही शिक्षा आणि लाडू हे बक्षीस, असे समीकरण बसते.

उलटपक्षी, गोड रोज थोडे थोडे चघळत राहणेही हिताचे नाही. दातांवरील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि हे प्रत्येक खाण्याच्या वेळी नव्याने घडते. म्हणून दिवसभर गोळ्या चोखण्यापेक्षा जेवणाबरोबर एकदाच गोड खाऊन चूळ भरणे दातांना कमी अपायकारक ठरते. क्वचितपणाची जुनी रीत येथेही उपयोगी पडते.

पालकसभेत सांगावयाच्या गोष्टी

१. काय शिजवावे व केव्हा वाढावे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खावे हे मुलाच्या भुकेवर सोडावे.
२. पानात टाकू नये ही आपली चांगली शिकवण आहे. ती पाळता यावी म्हणून आधी थोडेच वाढावे आणि मुलाला पुन्हा मागू द्यावे. भरमसाट वाढून "संपवलेच पाहिजे" असा आग्रह धरू नये.
३. नवी भाजी मुलाने नाकारली, तरी ती सोडून देऊ नये. पुनःपुन्हा, आठ-दहा वेळा लहान घास चाखावयास मिळाला, की पुष्कळ मुले ती खाऊ लागतात.
४. सणाच्या दिवशी मुलाच्या ताटातील पुरणपोळ्या मोजू नयेत. सणाचा आनंद निर्वेध असावा. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा रोजचे ताट यावे.
५. एका तेलाच्या ग्रॅममधून ९ किलोकॅलरी मिळतात, म्हणजे साखरेच्या दुपटीहून अधिक. तळण आठवड्यातून एखाद्या दिवशी असावे. आणि तळून उरलेले तेल पुनःपुन्हा तापवू नये.
६. घरातील स्त्री सर्वांच्या मागून आणि उरले-सुरले जेवते, ही रीत मोडावी. आठवड्यातून निदान काही वेळा सर्वांनी एकत्र बसावे, म्हणजे कोणाच्या ताटात काय पडते ते सर्वांना दिसेल.

शाळेचे कर्तव्य

मुलांना उपदेश करून फाटकाबाहेर मात्र तेच पदार्थ विकले जात असतील, तर उपदेशाला अर्थ राहत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० सालच्या विनियमांनुसार अतिरिक्त स्निग्धांश, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात व फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास मनाई आहे. मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा विषय मांडावा. दुकानदारही गावातीलच असतो. त्याच्याशी भांडण न मांडता फुटाणे, शेंगदाणे, चिक्की, केळी ठेवण्याविषयी त्याला सुचवावे. वाढदिवसाला वर्गात गोळ्या वाटण्याऐवजी फळे वाटण्याची किंवा शाळेच्या ग्रंथालयास एक पुस्तक देण्याची प्रथा सुरू करता येईल. मात्र ज्याला काहीच देणे शक्य नाही, त्याचाही वाढदिवस टाळ्यांच्या गजरात साजरा व्हावा.

शिक्षकाने टाळावयाच्या गोष्टी

मुलाच्या अंगकाठीवरून टीका करू नये. 'जाड्या', 'काडी' अशी नावे वर्गात रूढ होत असतील, तर ती तत्काळ थांबवावी. मुलांचे डबे उघडून त्यांची तुलना करू नये. कोणाच्या घरी काय खातात वा काय खात नाहीत, यावरून चांगले-वाईट ठरवू नये. मूल अतिशय कृश, निस्तेज किंवा वारंवार आजारी दिसल्यास वर्गात चर्चा न करता पालकांना भेटावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखविण्यास सांगावे. आणि खाऊचा वार ठरविताना शिक्षकाने स्वतःचाही वार ठरवावा. तासाला हातात चहाचा पेला घेऊन साखरेचा पाठ देणाऱ्या शिक्षकाचे बोलणे मुले ऐकतात. परंतु पाहतात ते पेल्याकडे.

अभ्यास व उपक्रम

१. तुमच्या घरी एका आठवड्यात किती साखर लागते? घरातील माणसांच्या संख्येने व सातने भागून प्रत्येकाच्या वाट्याला रोज किती ग्रॅम येते ते काढा.
२. आजी-आजोबांना विचारा : ते लहान असताना गोड पदार्थ वर्षातून केव्हा मिळत? त्यांचे उत्तर दहा ओळींत लिहा.
३. तुमच्या गावात पिकणाऱ्या पदार्थांचे एक ताट काढा व रंगवा.
४. 'अति तेथे माती' या म्हणीचा अर्थ जेवणाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
५. तुमचा खाऊचा वार कोणता? तो तुम्ही का निवडला?

समारोप

हा पाठ एका दिवसात फळ देणारा नाही. महिन्याने, सहा महिन्यांनी, एखादे मूल चहात दोन ऐवजी एक चमचा साखर मागेल. एखादी मुलगी लिंबाची फोड पिळल्यावाचून भाजी खाणार नाही. एखाद्या घरी आई मुलांबरोबर पानावर बसेल. पाठ पोहोचल्याच्या खुणा त्याच. होळीच्या दिवशी तूप घातलेली पुरणपोळी मुलांनी मनसोक्त खावी आणि दुसऱ्या दिवशी भाकरीच्या चवीतही त्यांना सुख वाटावे, एवढे साधले की शिक्षकाचे श्रम कारणी लागले असे समजावे.